बेचाळिसावा प्रश्न

लोकांच्या घरात शिरून "घरात आठवड्यातून किती वेळा भांडणं होतात?" असं विचारायचं आणि वर त्यांच्याच हातचा चहा प्यायचा, हा उद्योग तिने बावीस वर्षं केला. कागदोपत्री तिचं पद भलंमोठं होतं. घराघरांत मात्र तिला नुसतं 'प्रश्नवाली' म्हणत. पोरं जिन्यातूनच ओरडायची, "आई, प्रश्नवाली आली!" आणि आई पदराला हात पुसत म्हणायची, "अगं बाई, झाली पण दोन वर्षं?"

दर दोन वर्षांनी त्याच घरी, त्याच माणसांकडे, जवळजवळ तेच प्रश्न घेऊन जायचं, असं ते काम होतं. कोण काय शिकलं, कोणाला काय दुखलं, पहिली सिगारेट कितव्या वर्षी ओढली, राग आला की काय करता. मुलांची उंची मोजायची, वजन करायचं, वाचनाची छोटी चाचणी घ्यायची. खांद्यावरच्या पिशवीत वजनकाटा, टेप आणि फॉर्मांचा गठ्ठा. त्या काट्याने तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला होता. तिचा नवरा म्हणायचा, "तुझीच उंची दोन्हीकडून वेगवेगळी भरेल."

नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. त्यालाही चुका शोधायची सवय, पण त्याच्या चुका कागदावर सापडायच्या. तो कधीमधी तक्रार करायचा की जगाला विचारतेस, मला कधी काही विचारत नाहीस. ती म्हणायची, "तुमची उत्तरं मला पाठ आहेत." कोणत्या घरात काय ऐकलं याचं मात्र अवाक्षर तिने त्याच्याजवळ कधी काढलं नाही. बोलून मोकळं व्हावं असं पुष्कळदा वाटायचं. पण कामावर रुजू होताना घेतलेली शपथ तिने पदराच्या गाठीसारखी पक्की बांधून ठेवली होती. प्रत्येक घरात फॉर्म उघडण्यापूर्वी ती सांगायची, "तुम्ही जे बोलाल ते कार्यालयाबाहेर जाणार नाही. आईचं मुलाला सांगणार नाही, मुलाचं आईला सांगणार नाही." आणि दुसरा नियम असा की काहीही ऐकलं तरी चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही. एका गृहस्थाने तिला शांतपणे सांगितलं होतं की बायकोशी आपण सहा वर्षं एक शब्द बोललेलो नाही. बायको तेव्हा शेजारी बसून भाजी निवडत होती. प्रश्नवालीने खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला.

ही पाहणी सुरू झाली ती लोकांचं शिक्षण आणि नोकऱ्या समजून घ्यायला. रक्तबिक्त कोणाच्या डोक्यातही नव्हतं. पण घरातल्या सगळ्याच मुलांची माहिती घेतली जायची, त्यामुळे वर्षं सरली तसं अभ्यासकांच्या लक्षात आलं की आपल्या गठ्ठ्यांत सख्खी भावंडं आहेत, सावत्र आहेत, चुलत-मावस आहेत, जुळी तर आहेतच. दोन भावंडांत रक्ताचं नातं किती जवळचं आणि त्यांचे स्वभाव, सवयी किती मिळत्याजुळत्या, हे हजारो जोड्यांत ताडून पाहिलं, की जन्माने काय मिळतं आणि घरातून काय मिळतं याचा काही अंदाज बांधता येतो. मग कार्यालयात एक स्वतंत्र टेबल आलं आणि त्या टेबलावर एक चष्मेवाला तरुण आला. जुने फॉर्म उकरून तो कोण कोणाचं कोण हे ठरवायचा आणि प्रत्येक जोडीला एक आकडा द्यायचा. सख्ख्यांना अर्धा, सावत्रांना पाव, मावस-चुलतांना एक अष्टमांश. शाळेच्या पेपरातल्या प्रश्नावरून सगळे त्याला 'जोड्या-लावा' म्हणायला लागले. त्याचं स्वतःचं लग्न जमत नव्हतं, हा त्यातला जास्तीचा आनंद.

पोरगा हुशार होता. वडील घरात नसलेल्या दोन भावंडांना वर्षानुवर्षं विचारलेलं असायचं, 'तुमचे वडील इथून किती लांब राहतात?' दोघांची उत्तरं दर फेरीला सारखी आली तर बाप एकच असणार. एकाचा बाप शेजारच्या गल्लीत आणि दुसऱ्याचा समुद्रापार असेल, तर मग काय ते उघड आहे. असल्या युक्त्यांनी तो गाठी सोडवायचा. आणि एक गाठ सोडवता सोडवता तो प्रश्नवालीपाशी येऊन ठेपला.

"काकू, जरा बसता का?" त्याने तिच्यापुढे दोन कागद ठेवले. "ही जुळ्या बहिणींची जोडी. तुमचंच घर. दुसऱ्या फेरीपासून जुळ्या. पण पहिल्या फेरीच्या फॉर्मवर एक मुलगी, आणि दुसरीसमोर 'बहिणीची मुलगी' असं लिहिलंय. मग तुमची ही चिठ्ठी: 'पहिल्या फेरीतील नोंद माझ्या चुकीने झाली.'"

चिठ्ठीवर तिची सही होती. अक्षर वीस वर्षांनी तरुण होतं.

"तुमच्या बावीस वर्षांच्या कामात ही एकच चुकीची चिठ्ठी आहे काकू. एकच. म्हणून विचारतो. चूक खरंच तुमची होती?"

चेहऱ्यावर रेघ न हलवण्याची सवय त्या दिवशी स्वतःसाठी उपयोगी पडली. "या फेरीत विचारूच ना," ती म्हणाली. या फेरीत मोठ्या झालेल्या मुलांसाठी एक नवीन प्रश्न घातला होता, बेचाळिसावा: 'तुमची आणि या भावंडाची जन्म देणारी आई एकच आहे का?' जोड्या-लावाने तो प्रश्न घालायला सहा महिने वरिष्ठांना भंडावून सोडलं होतं.

चूक तिची नव्हती. पहिल्या फेरीला ती त्या घरी गेली तेव्हा दोघी मुली दोन वर्षांच्या होत्या. एक गुबगुबीत, तिला घरात ढब्बू म्हणत. दुसरी काडी. आईने सरळ सांगितलं होतं की ढब्बू माझी आणि काडी माझ्या बहिणीची. दोन वर्षांनी प्रश्नवाली गेली तेव्हा बिऱ्हाड नव्या वस्तीत आलं होतं, मुलींची नावं शाळेत एकाच जन्मतारखेवर घातली होती, आणि आई म्हणाली, "जुळ्या."

"वहिनी, मागच्या खेपेला तुम्ही—"

वहिनींनी मुलींना खेळायला पाठवलं आणि दार लावून घेतलं. "माझी बहीण तापाने गेली तेव्हा ही आठ महिन्यांची होती. हिचा बाप दुसरं लग्न करून मोकळा झाला, परत तोंड दाखवलं नाही त्याने. जुन्या जागी येणारा-जाणारा हिच्या डोक्यावरून हात फिरवून 'बिचारी' म्हणायचा. इथे कोणाला काही माहीत नाही. माझ्या पोरीला कोणी बिचारी म्हटलेलं मला नाही चालणार. बाई, तुमच्या कागदावर राहिलं ना, तर एक ना एक दिवस फुटेल. खोडून टाका. तुमच्या पाया पडते."

आणि ती बाई खरोखरच वाकली. प्रश्नवालीने तिला वरच्यावर धरलं. नियम काय सांगतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या बाईचे खांदे हातात असताना नियम आठवणं कठीण असतं. तिने चिठ्ठी लिहिली, चूक आपल्या अंगावर घेतली, साहेबांची बोलणी खाल्ली. त्यानंतर वीस वर्षं ती जोडी जुळ्यांच्या यादीत राहिली. जुळी मुळात थोडी, म्हणून अभ्यासकांचा हात सारखा त्याच यादीवर. दोघी नखं खायच्या, दोघी चिडल्या की गप्प बसायच्या, दोघींना कोड्यांचा नाद. कुठल्याशा तक्त्यात या सगळ्याचं श्रेय रक्ताला मिळालं असणार, आणि ते त्या दोन खोल्यांच्या घराचं होतं. एका जोडीने काही सिद्ध होत नाही, हे तिलाही कळत होतं. पण नाकासमोर चालणाऱ्या माणसाला आपलं एकुलतं एक खोटं पुसता येत नाही.

निवृत्तीला चार महिने राहिले होते. ही तिची शेवटची फेरी. आणि तिला त्या चोवीस वर्षांच्या काडीसमोर बसून विचारायचं होतं, की तुझी आई तुझीच का? प्रश्न शब्दशः वाचायचा असतो, काना-मात्रा बदलायची नाही. मुलीने 'हो, एकच' म्हटलं तर खोटं कायमचं पक्कं होणार. आणि प्रश्नानेच तिच्या मनात पाल चुकचुकली तर? एवढं जपलेलं घर तिच्या पेन्सिलीने मोडणार. फॉर्मवर तिसरी सोय होती, 'उत्तर देण्यास नकार'. न विचारताच त्या चौकटीत खूण करायची. कोणाला कळणार होतं? बसमधून उतरेपर्यंत तिने तेच पक्कं केलं. आयुष्यातलं दुसरं खोटं, पहिल्याला सोबत म्हणून.

चौथा मजला, लिफ्ट बंद. दार वहिनींनी उघडलं. केस पांढरे झाले होते, गुडघ्याला पट्टा होता, पण लगबग तीच. "या बाई, या! यंदा तुमची वाट बघून डोळे थकले. ढब्बू कामावर गेलीय, तिला रविवारी गाठा. ही आहे, सुट्टी घेतलीय मुद्दाम." आणि आतल्या खोलीकडे तोंड करून, "काडे, आवर गं!"

मुलाखत एकांतात घ्यायची असते. वहिनी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेल्या, आणि दार ओढून घेताना त्यांनी प्रश्नवालीकडे एकदा पाहिलं. वीस वर्षं दर फेरीला त्या असंच पाहायच्या.

काडी आता चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवायची. समोर पाय दुमडून बसली. अजून तशीच सडसडीत. दहाव्या वर्षापासून ती स्वतःची उत्तरं स्वतः देत आली होती, त्यामुळे फॉर्म तिला प्रश्नवालीइतकाच पाठ होता. नोकरी, झोप, दात, डोकेदुखी असे प्रश्न भराभर उरकले. "राग आला की?" "अजून गप्पच बसते, मावशी. लिहा, सुधारणा नाही."

चाळीस. एक्केचाळीस. प्रश्नवालीने पान उलटलं, एका चौकटीत बारीक खूण केली आणि वाचलं, "त्रेचाळीस. गेल्या बारा महिन्यांत तुम्ही—"

"मावशी, बेचाळीस राहिला."

"तो... तुम्हाला लागू नाही."

"मी न ऐकताच?" काडी पुढे वाकली. भिंगांवरचा ओरखडा शोधणारी नजर ती. "नकारावर खूण केलीत तुम्ही. मी कुठे नकार दिला? आजवर एकही प्रश्न सोडला नाही मी तुमचा. वाचा ना."

आता सुटका नव्हती. प्रश्नवालीने खूण खोडली. शब्दशः वाचला, आवाज शक्य तेवढा सपाट ठेवून. बाहेर स्वयंपाकघरात कपबशा वाजत होत्या.

"नाही," काडी म्हणाली. "एकच नाही. मावसबहीण आहे ती माझी. लिहा."

बावीस वर्षांत पहिल्यांदा प्रश्नवालीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली. नुसती हलली नाही, तोंड उघडं पडलं.

"अहो, तुमच्यामुळेच कळलं मला!" काडी हसली, पण आवाज खाली ठेवून. "तुम्ही दर वेळी आईला विचारायचात, जन्मतः वजन किती होतं. मी पडद्याआड उभी असायचे. ढब्बूचं ती झोपेतसुद्धा सांगेल, तीन किलो शंभर. माझं एकदा अडीच, एकदा पावणेतीन, एकदा 'असेल ढब्बूएवढंच'. बारा वर्षांची होते मी. वाटलं, हिला माझं वजन माहीत का नाही? मग नोकरीच्या वेळी शाळेचा दाखला शोधताना कपाटात तळाशी एक पाकीट मिळालं. आईच्या वारलेल्या बहिणीचा फोटो, आणि तिच्या नावावरचा दवाखान्याचा कागद. मुलगी, दोन किलो तीनशे. तारीख पण होती. मी ढब्बूपेक्षा पाच आठवड्यांनी मोठी आहे! जन्मभर मला सांगितलं की ती दहा मिनिटांनी मोठी, आणि त्या दहा मिनिटांच्या जोरावर तिने माझ्याकडून भांडी घासून घेतली."

"ढब्बूला..."

"सांगितलं ना, त्याच दिवशी. दोघी गच्चीत जाऊन रडलो. मग ती म्हणाली, चल, आजपासून भांडी मी घासते. हिशेब चुकता होईपर्यंत." काडी क्षणभर बोटाच्या नखाकडे बघत राहिली, खाल्लं नाही, नुसतं बघितलं. "गंमत बघा मावशी. जी खरी मावशी तिला मी आई म्हणते, आणि मावशी म्हणते तुम्हाला."

"आणि आईला?"

"नाही." हसू गेलं. "आईला कधीच नाही. तिने माझ्यासाठी शेजारपाजार सोडला, माणसं तोडली, तारखा बदलल्या. मला कळलंय हे तिला कळलं तर तिला वाटेल, आपण कमी पडलो. कुठेतरी फरक केला असणार, म्हणून पोरीला कळलं. तिने फरक केला नाही हो. वजन तेवढं तिला माहीत नव्हतं." तिचे डोळे भरले होते आणि तिने ते लपवले नाहीत. "तुम्ही सांगणार नाही ना तिला?"

"नाही," प्रश्नवाली म्हणाली. "आईला सांगत नाही आम्ही."

तिने फॉर्मवर उत्तर लिहिलं. उद्या कार्यालयात जाऊन चिठ्ठीबद्दल खरं सांगावं लागणार होतं. जोड्या-लावा अर्ध्याचा एक अष्टमांश करणार होता, साहेब शेरा मारणार होते, निरोपाच्या भाषणातलं एक वाक्य कमी होणार होतं. त्याचं तिला काहीच वाटलं नाही. उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं, इतकं की पुढचे वीस प्रश्न तिने जवळजवळ गात वाचले. निघताना काडीने तिला मिठी मारली. हे नियमात बसत नव्हतं. तिने मारू दिली.

काडी खाली अंगणात वाळत घातलेले कपडे काढायला गेली आणि प्रश्नवाली चहाचा कप ठेवायला स्वयंपाकघरात आली. वहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांच्यापुढे चहा तसाच होता, वर साय धरलेली.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "पोरी बारक्या असताना मी समोर असायचे. आता काय विचारता, मला काही ठाऊक नसतं. आमच्या... त्या गोष्टीबद्दल काही विचारता का हो?"

प्रश्नवालीने कप ओट्यावर ठेवला आणि पिशवीचा बंद खांद्यावर सारखा केला.

"विचारलंत," वहिनी म्हणाल्या. त्यांचा हात ओट्याची कड घट्ट धरून होता. "काय म्हणाली ती?"

एक वाक्य. एका वाक्याचं काम होतं. वीस वर्षं ही बाई प्रत्येक पाहुण्याच्या बोलण्याकडे कान लावून बसली होती, कपाटाच्या किल्ल्या कमरेला लावून फिरली होती, पोरीच्या प्रत्येक अबोल्यात तिला 'कळलं की काय' असं वाटलं असणार. आणि पोरीला सगळं कळूनही ती पोर हिचीच होती; कळल्यामुळे जास्तच हिची. हे सांगायला दहा शब्द पुरले असते. प्रश्नवालीच्या घशापर्यंत ते शब्द आले. जगात हे शब्द माहीत असणारी आणि या घराबाहेरची ती एकटीच होती, आणि याच कारणाने तिला ते उच्चारता येत नव्हते.

"वहिनी, तिने काय सांगितलं ते मला सांगता येत नाही."

वहिनींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग त्यांची ओट्यावरची बोटं सैल पडली. चेहरा असा उजळला की प्रश्नवालीला तिकडे बघवेना.

"हेच ऐकायचं होतं मला," वहिनी म्हणाल्या. "मला सांगत नाही म्हणजे तिलाही सांगितलं नसेल. वीस वर्षं एकच भीती होती हो मला, तुम्ही कुठे बोलाल याची. आज गेली. आता मी मरेपर्यंत तिला कळत नाही." आणि त्यांनी गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला. "दोन वर्षांनी या. तेव्हा दोघींची लग्नं झाली असतील बघा."

"येते," प्रश्नवाली म्हणाली. आपण आता येणार नाही, हे सांगायचं तिला धैर्य झालं नाही.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला काडी भेटली. वाळलेले कपडे छातीशी धरून वर येत होती. तिने भुवया उंचावून विचारलं, आईने काही विचारलं का? प्रश्नवालीने मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही, नुसती हलवली. काडीनेही तेच केलं जे तिच्या आईने केलं होतं. तिचा चेहरा निवांत झाला, ती "थँक्यू मावशी" म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेली. प्रश्नवाली कठड्याला धरून उभी राहिली. वरून दार उघडल्याचा आवाज आला, मग "अगं, माझा गाऊन कुठंय?" आणि मग दोघींचं हसणं. ते हसणं खालपर्यंत ऐकू येत होतं, आणि ती जिन्यात एकटीच रडत होती.